पहिली वाटी

काल लालबागला बसमधून उतरून मिरची गल्लीतून घरी येत होते. बेडगीची पोती आली आहेत. लवंगी, संकेश्वरी, काश्मिरी, सगळ्यांच्या टोपल्या दुकानांच्या पायऱ्यांवर मांडून झाल्यात, आणि गल्लीच्या तोंडालाच हवा अशी काही नाकात शिरते की बाहेरचा माणूस लगेच रुमाल काढतो. इथला माणूस रुमाल काढत नाही. तो शिंकतो, डोळे पुसतो आणि शिंकतच दुकानदाराला विचारतो, "यंदाची बेडगी रंगाला कशी आहे?" मीही तीनदा शिंकले. तिसऱ्या शिंकेला तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवला, सबंधच्या सबंध, आणि मी दुकानासमोर पिशवी धरून उगीचच उभी राहिले. दुकानदार म्हणाला, "बाई, घेताय की बघताय?" आता या वयात खरं बोलायला काय हरकत आहे. म्हटलं, बघतेय.

मी दादरच्या एका कॉलेजात बत्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे एप्रिल महिना माझ्यासाठी दोन गोष्टींचा, मसाल्याचा आणि पेपर तपासण्याचा. अठराव्या शतकातल्या युरोपातल्या विचारवंतांवर माझा जीव. ही माणसं मोठी खट्याळ. माणूस सुखी कशानं होतो, काम हा शाप की औषध, माणसं एकत्र राहतात ती गरजेपोटी की आवडीपोटी, असले भले थोरले प्रश्न. आणि ते जाडजूड ग्रंथांत मांडायचे सोडून त्यांच्यातल्या काहींनी चक्क थट्टेच्या गोष्टी लिहिल्या. राजाला चिमटे काढले, धर्मगुरूला काढले, आणि सगळ्यात जास्त स्वतःसारख्याच शहाण्या पंडितांना काढले. वर्गात हे सांगताना मी रंगून जायचे. मागच्या बाकावरून प्रश्न यायचा, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" असायचं. मग उत्तरपत्रिका यायच्या, आणि गठ्ठ्यातल्या बहुतेकांनी एकाच गाइडमधून उतरवलेलं असायचं की श्रम हे सुखाचे मूळ होय. मी तांबड्या पेनानं बरोबरची खूण करायचे. खिडकीतून मिरचीचा ठसका यायचा आणि वरच्या गच्चीवरून शेवंताकाकूंचा आवाज.

शेवंताकाकू वेंगुर्ल्याकडच्या. लग्न होऊन आमच्या चाळीत आल्या त्या दुसऱ्याच उन्हाळ्यात गच्ची त्यांच्या ताब्यात गेली, असं माझी आई सांगायची. प्रत्येक घराची मिरची वेगळी, प्रत्येक घराची चादर वेगळी, पण काम वेगळं नाही. सगळ्यांनी सगळ्यांचे देठ काढायचे. काकू पाण्याच्या टाकीच्या सावलीत पाटावर बसून हुकूम सोडायच्या. कुणाची मिरची परतायची झाली, कुणाचे धणे अजून ओले आहेत, कुणाच्या चादरीवर कबुतर बसलंय. कुठल्या घरी दगडफूल कमी, कुठल्या घरी बडीशेप जास्त, कुणाच्या सासूला मसाला वेलचीनं पित्त होतं, हे सगळं त्यांच्या डोक्यात. कागदावर काही नाही. आमच्या घरच्या मसाल्यात जायपत्री किती घालायची हे माझ्या आईला माहीत नव्हतं. तिला विचारलं तर म्हणायची, "शेवंताला विचार."

आणि एक रीत होती. डंकावरून मसाला कुटून आला, डबे उघडले, की प्रत्येक घराच्या डब्यातून एकेक चमचा काढून एक वाटी भरायची. ही पहिली वाटी. त्या वर्षी ज्या घरात हात रिकामे असतील, त्या घरी ती जायची. कुणाची नोकरी गेली असेल, कुणी अंथरुणाला खिळलं असेल, कुणाच्या घरचं करतं माणूस गेलं असेल. कुठल्या घरी जायची ते काकू ठरवायच्या आणि का म्हणून कुणी विचारायचं नाही. ज्याच्याकडे वाटी आली त्यानं ती ठेवून घ्यायची, धुऊन, साखर घालून परत करायची. आभार मानायचे नाहीत. पुढच्या वर्षी त्या घरानं गच्चीवर सगळ्यांच्या आधी येऊन बसायचं, एवढंच.

एका वर्षी ती आमच्याकडे आली. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. बाबांना गिरणीनं त्या थंडीत घरी बसवलं होतं. ते गॅलरीत खुर्ची टाकून सकाळचाच पेपर दुपारी पुन्हा वाचायचे. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून पाठ करत होते, दुसऱ्या दिवशी पेपर होता, सुखाच्या व्याख्या, एक ते पाच. काकू आल्या, आईच्या हातात वाटी दिली, "चव बघ गो," म्हणाल्या आणि गेल्या. आई कितीतरी वेळ आमच्याकडे पाठ करून ओट्याशी उभी होती. बाबांनी पेपर घडी करून ठेवला, पायऱ्या उतरून खाली गेले आणि सार्वजनिक नळाची गळकी तोटी काढून दुरुस्त करत बसले. संध्याकाळपर्यंत बसले होते. दुसऱ्या दिवशी मी त्या पाचही व्याख्या न चुकता लिहिल्या.

मग चाळ पडली आणि तिच्या जागी टॉवर आला. आम्ही जुने भाडेकरू आता बावीस मजल्यांत उभे रचले गेलो. मी चौदाव्यावर, एकटी. आईबाबा त्याच्या आधीच गेले. काकू सोळाव्यावर, मुलाकडे. विकायच्या फ्लॅटमध्ये नवी माणसं आली. त्यातली अकराव्या मजल्यावरची ग्लोरिया माझ्या ओळखीची झाली. ती माझगावची, पिढ्यान्‌पिढ्या मुंबईचीच, आणि नवरा गोदीत नोकरीला. बाकी कोण कुठे राहतं ते नावांच्या बोर्डावर वाचायचं. गच्चीला कुलूप होतं, आणि त्या कुलपाची किल्ली माझ्याकडे होती.

ती माझ्याकडे का, तर मी सोसायटीची सेक्रेटरी होते. रिटायर झालेलं माणूस दिसलं की लोक त्याला सेक्रेटरी करतात. मलाही बरं वाटलं, उगाच नाही म्हणणार नाही. आणि सेक्रेटरी झाल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर गच्चीच्या दारावर नोटीस लावली. वॉटरप्रूफिंगच्या सुरक्षिततेसाठी गच्चीवर कोणत्याही प्रकारचे वाळवण घालण्यास सक्त मनाई आहे. चेअरमनना नुसतं "वाळवण नको" एवढंच लिहायचं होतं. "कोणत्याही प्रकारचे" हे शब्द माझे. बत्तीस वर्षं श्रम आणि सुख शिकवलेल्या बाईचे ते शब्द, आणि लावून झाल्यावर मी दोन पावलं मागे होऊन नोटीस सरळ आहे ना तेही पाहिलं.

त्याच सुमारास मी कादंबरी लिहायला घेतली. वर्गात सांगून सांगून हौस राहिली होती, त्या जुन्या खट्याळ लोकांसारखी आपणही एक थट्टेची गोष्ट लिहावी. स्वस्थद्वीप नावाचं बेट. तिथला राजा निश्चिंतसेन. त्याचा एक राजपंडित आहे, यथार्थशास्त्री. तो सिद्ध करून दाखवतो की सगळ्या दुःखाचं मूळ काम आहे. मग राजा कामावर बंदी घालतो. प्रत्येक नागरिकाला एक खुर्ची मिळते. सुखमापन अधिकारी घरोघर जाऊन लोकांच्या हसण्याची रुंदी बोटांनी मोजतात. चार बोटांपेक्षा कमी भरलं तर आणखी मऊ खुर्ची. मी लिहायचे आणि एकटीच हसायचे. ऐकायला कुणी नव्हतं.

फेब्रुवारीत एक दिवस काकूंचा मुलगा विलास आला. पन्नाशीचा, बँकेत आहे, आईवर जीव. स्वयंपाकाला बाई ठेवलेली, मसाला पाकिटातला, बाल्कनीत आईसाठी डुलती खुर्ची. आईनं जन्मभर केलं, आता तिनं फक्त बसायचं, हे त्याचं एकच म्हणणं. आज मात्र तो सोफ्याच्या कडेवर बसला होता.

"नंदाताई, आई जेवत नाही. बोलत नाही. सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. डॉक्टर म्हणतात वय झालंय. पण मला माहितीय, ती अशीच बसून बसून जाणार आणि मी नुसता बघणार."

"काही दुखतंय म्हणते का?"

"काहीच म्हणत नाही, तेच तर. तुम्ही दुपारी जरा बसाल तिच्याजवळ?"

मी गेले. डुलत्या खुर्चीत काकू होत्या, पण ज्यांच्या आवाजानं चार मजले जागे व्हायचे त्या काकू नव्हत्या. हात मांडीवर उताणे ठेवलेले. बाल्कनीतून लांबवर माझगावच्या क्रेन दिसत होत्या, त्याही त्या बघत नव्हत्या. मला भीती वाटली, अगदी सरळ भीती. काय बोलावं सुचेना म्हणून दुसऱ्या दिवशी वही घेऊन गेले आणि पलंगावर बसून स्वस्थद्वीपाची गोष्ट वाचायला सुरुवात केली. रोज दुपारी तीन वाजता, एक प्रकरण.

आठवडाभर हूं की चूं नाही. मग एका दुपारी त्यांनी मान वळवली.

"तुझ्या त्या राज्यात मसालो कोण करता गो?"

"कुणी नाही काकू. तयार येतो."

"खंयसून?"

"बाहेरून. जहाजातून."

"आणि थंय तो कोण करता?"

"तिथले लोक करतात. दुसऱ्या राज्यातले."

"म्हणजे खरी मजा तेंची," त्या म्हणाल्या आणि पुन्हा क्रेनकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी यथार्थशास्त्र्याची पाळी. "तो शास्त्री दिसभर काय करता?" मी म्हटलं, विचार करतो. "मगे तो काम करता. तेका दंड कित्याक नाय?" बत्तीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्यानं मला असं पकडलं नव्हतं. त्या रात्री मी ते प्रकरण फाडून नव्यानं लिहिलं. नव्या प्रकरणात लोक चोरून काम करायला लागतात. बेटावर मटाराच्या शेंगांचा काळा बाजार सुरू होतो. सोलायला एक पायली मटार मिळावेत म्हणून सरदार आपल्या अंगठ्या विकतात. काकू हे ऐकून हसल्या. तोंडाला पदर लावून हसल्या. म्हणाल्या, "तो शास्त्री म्हणजे तूच गो."

मार्चमध्ये काकू सुधारायला लागल्या. विलास म्हणाला, आई काल दीड भाकरी जेवली. गालावर रंग आला. मी ओळखलं, हा माझ्या गोष्टीचा गुण. वाङ्मय माणसाला जगवतं हे मी वर्गात किती वेळा सांगितलं होतं, आता डोळ्यांनी बघत होते. लिफ्टच्या आरशात स्वतःकडे बघूनसुद्धा मी मान डोलवली, इतकी मी खूश होते.

एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मला ठसका लागला. आधी वाटलं फोडणी. मग घसा धरला, डोळ्यांतून घळाघळा पाणी. दार उघडलं तर बाहेर पॅसेजमध्येही तेच. इंटरकॉमवर वॉचमन ओरडत होता, सतराव्यावर खोकतायत, बाराव्यावर खोकतायत, गॅस लीक आहे, लिफ्ट वापरू नका. पाइपगॅसचा मेन बंद केला आणि आख्खी बिल्डिंग जिन्यानं खाली आली. बावीस मजले. ओले टॉवेल नाकाला, पोरं कडेवर, कुणी देवाची तसबीर घेतलेली, कुणी मिक्सर उचलून आणलेला. मी सेक्रेटरी म्हणून यादी करत होते, कोण उतरलं, कोण राहिलं.

गॅसवाला आला, यंत्र घेऊन आत गेला. आम्ही कंपाउंडमध्ये थांबलो. आणि मग असं झालं की आमच्या जुन्या गॅलरीत भिंतीला भिंत लावून राहिलेली माणसं तिथं एकमेकांना भेटली. वर्षानुवर्षं एकाच इमारतीत असून भेटली नव्हती. "अगो, तू हंयच असस?" "कितव्यावर?" "आठव्यावर, तुम्ही?" कुणीतरी नाक्यावरून चहा सांगितला. म्हाताऱ्यांना खुर्च्या आल्या. पोरांचा क्रिकेटचा डाव पडला. अर्ध्या तासानं गॅसवाला बाहेर आला आणि म्हणाला, लीक वगैरे काही नाही, यंत्र काहीच दाखवत नाही. पण खोकला तर सगळ्यांना येत होता. लोक म्हणायला लागले, यंत्रच बिघडलं असेल.

ग्लोरिया मघापासून भिंतीला टेकून चहा पीत होती. ती म्हणाली, "अरे काय येडे लोक तुम्ही. हा गॅस नाय, मसाला हाय. वरती कोणतरी मिरची भाजते."

मिरची गल्लीपासून दोनशे पावलांवर जन्मलेले, त्या ठसक्यात वाढलेले आम्ही सगळे. आणि मिरची भाजल्याचा वास आम्हाला माझगावच्या ग्लोरियानं सांगावा. एक म्हातारे गृहस्थ खाली बघून हळूच हसायला लागले आणि मग सगळेच हसले. मी मात्र माझी यादी बघत होते. सोळावा मजला, परब, काकूंच्या नावापुढे खूण नव्हती. फोन आल्यावर विलास ऑफिसातून येऊन नुकताच गेटशी पोचला होता. त्यानंही माझ्या हातातली यादी पाहिली आणि जिन्याकडे धावला. मी त्याच्या मागे. सोळा मजले. वरच्या प्रत्येक मजल्यावर मला माझी नोटीस आठवत होती.

काकू ओट्याशी उभ्या होत्या. तोंडाला पदर घट्ट बांधलेला, डोळे लाल, हातात कलथा. कढईत बेडगी. बाहेर कुणाला वास जाऊ नये म्हणून सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या, त्यामुळे सगळा ठसका बाथरूमच्या डक्टमधून बिल्डिंगभर पसरला. आम्हाला बघून त्यांनी गॅस बंद केला नाही, मुळात मेन बंद होता. त्या जुन्या वातीच्या स्टोव्हवर भाजत होत्या.

"आई, सगळी बिल्डिंग खाली गेली. तू का नाही उतरलीस?"

"अर्धवट सोडली तर करपता ती."

मिरच्या कामवाल्या बाईकडून मागवलेल्या. विलास कामावर गेला की जुन्या लुगड्यावर पसरून खिडकीच्या ग्रिलमध्ये वाळवायच्या आणि तीनच्या आधी गुंडाळून पलंगाखाली सारायच्या. म्हणजे ज्या पलंगावर बसून मी रोज दुपारी सुखाविषयी वाचत होते, त्याच्याच खाली दोन किलो मिरची होती. काकूंच्या गालावरचा रंग माझ्या गोष्टीचा नव्हता. खोटं कशाला सांगू, त्या क्षणीही मला आधी त्याचंच वाईट वाटलं.

विलास स्वयंपाकघरात जमिनीवरच बसला. "आई, माझ्याकडून काय कमी पडलं ग तुला?"

"काय कमी नाय रे बाबा. सगळा असा." काकूंनी कलथा खाली ठेवला. "करूक काय नाय."

हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत. भाकरी संपली सांगावं तसं सांगितलं. विलास त्यांच्या पायांकडे बघत राहिला.

हे लिहिताना मला बाबा आठवतात. काम म्हणजे सुख, असं त्यांना कुणी सांगितलं असतं तर ते हसले असते. आधी पुन्हा विचारलं असतं, काय म्हणालास, कारण मागांच्या खडखडाटानं त्यांचे कान गेले होते. श्रमाची गोडी गाणारे ते अठराव्या शतकातले विद्वान एकही पाळी मागावर उभे राहिले नव्हते, आणि मीही नाही. तरीसुद्धा घरी बसवल्यावर बाबा नळाची तोटी दुरुस्त करायला का गेले, याचं उत्तर माझ्या कुठल्याही व्याख्येत बसत नाही. पगार नव्हता, कुणी सांगितलं नव्हतं. पण तोटी सगळ्यांची होती आणि बाजूनं जाणारा प्रत्येक माणूस थांबून काहीतरी बोलून जात होता. मला वाटतं, तेवढंच त्यांना पाहिजे होतं.

त्याच रविवारी मीटिंग झाली. मी उभी राहिले आणि म्हटलं, नोटीस माझी, चूक माझी, मी ती काढतेय. चेअरमन वॉटरप्रूफिंगवर अडून बसले, आणि ते काही चुकीचं बोलत नव्हते. वाळवणाला पाट, पाटे, दगड येतात, स्लॅबला चरे पडतात. ग्लोरिया म्हणाली, जमिनीला लावायचंच कशाला, गणपतीच्या मांडवातली लाकडी टेबलं खाली पडून आहेत, ती वर न्या. त्यावर चेअरमनही कबूल झाले. मी घरी जाऊन किल्ली आणली आणि काकूंच्या हातात दिली. त्यांनी ती कनवटीला खोचली आणि म्हणाल्या, "उद्या आठ वाजता ये. नुसता बघूक नाय."

ते वीस-बावीस दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. पहिल्या दिवशी पाच घरं, चौथ्या दिवशी एकोणीस. टेबलांवर चादरी, चादरींवर लाल भडक मिरच्या, टाकीच्या सावलीत काकू खुर्चीवर. पाटावर आता गुडघे बसू देत नाहीत. ग्लोरियाही आपला मसाला घेऊन आली. त्यांच्यात तो बाटल्यांत ठासून भरतात, आणि त्यात काय काय पडतं हे ती काकूंना सांगायची नाही, काकू तिला आपलं सांगायच्या नाहीत, आणि दोघी दिवसभर एकमेकींचा वास घेत बसायच्या. विलास रविवारी बनियनवर येऊन धणे पाखडायचा. त्याच्या आईनं त्याचं पाखडणं बघून कपाळाला हात लावला. मला देठ काढायला बसवलं. पहिल्याच संध्याकाळी बोटांची अशी आग झाली की मी ताकात हात बुडवून बसले. काकू म्हणाल्या, "बत्तीस वर्सां खडू धरलंस, आणि काय होतला?" आणि त्यांचा तो जुना आवाज गच्चीवरून खाली रस्त्यापर्यंत गेला. त्या आता दोन भाकऱ्या जेवत होत्या. विलास मला लिफ्टमध्ये भेटला की नुसता हसायचा.

मेच्या मध्यावर डबे डंकावरून आले. दुसऱ्या दिवशी दुपारी माझी बेल वाजली. दारात काकू, एका हातात काठी, दुसऱ्या हातात कागदानं झाकलेली वाटी.

"चव बघ," त्या म्हणाल्या, आणि लिफ्टकडे वळल्या.

मला आधी वाटलं, हा माझा मान. गच्ची उघडून दिली, सेक्रेटरी आहे. मी वाटी ओट्यावर ठेवली, कागद काढला, वास घेतला, आणि मग मला आईची ओट्याशी उभी असलेली पाठ आठवली. पहिली वाटी कुणाच्या घरी जाते ते मला माहीत होतं. मला राग आला. मला पेन्शन आहे, स्वतःचं घर आहे, मी कादंबरी लिहितेय, मी त्यांच्याजवळ बसायला जात होते, त्या माझ्याजवळ नाही. खूप वेळ मी मनातल्या मनात भांडले. मग घरातली ती दुपारची शांतता कानावर यायला लागली. फेब्रुवारीपासून तीन वाजायची वाट मी कशी बघायचे ते आठवलं. आणि मला रडू आलं.

वाटी धुऊन, साखर घालून परत द्यायला गेले. विचारायचं नसतं, तरी विचारलं. "काकू, मला का?"

"बत्तीस वर्सां बोलत होतंस," त्या म्हणाल्या. "आता ऐकूक कोण नाय. म्हणान मी ऐकत होतंय." मग साखरेची चिमूट तोंडात टाकून म्हणाल्या, "गोष्ट बरी असा तुझी. त्या शास्त्र्याक शेवटी मटार सोलूक बसव."

बसवला. कादंबरी पुरी झाली. छापायला अजून कुणी घेतलेली नाही, कपाटात आहे. उद्या सकाळी मिरची गल्लीत पुन्हा जाणार आहे, पिशवी घेऊन, घ्यायलाच. आता प्रत्येक घराचं प्रमाण मी एका वहीत उतरवून घेते आहे, कारण काकू हल्ली दगडफूल आणि जायपत्री यांत गोंधळतात, आणि एखादं घर विसरलं की त्यांचा चेहरा उतरतो. मी वही पुढे करते तेव्हा त्या म्हणतात, बरा झाला लिवलंस.

पण सांगायचं होतं ते त्या वाटीच्या पुढच्या वर्षाचं. रीतीप्रमाणे गच्चीवर सगळ्यांच्या आधी मी जाऊन बसले होते, सकाळी सातला, दारही उघडलं नव्हतं तेव्हा, बाहेरच्या पायरीवर. देठ काढले, मिरच्या परतल्या, धणे पाखडले, घरोघर निरोप दिले. मेमध्ये डबे आले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात हात धूत होते आणि वर लिफ्टचं दार वाजलं. मी तशीच ओल्या हातांनी बाहेर पॅसेजमध्ये आले. लिफ्टच्या दारावर लाल आकडे लागतात. सोळा होता. पंधरा झाला. माझ्या छातीत अशी धडधड बत्तीस वर्षांत कुठल्याही निकालाला झाली नव्हती. चौदा झाला, आणि मग तेरा.

लिफ्ट अकरावर थांबली. ग्लोरियाच्या नवऱ्याची गोदीतली नोकरी त्याच महिन्यात संपली होती. मी आत येऊन हात पुसले आणि रोजच्यासारखी तीन वाजता काकूंकडे गेले.